बाभळीच्या काट्या आणि स्वीडन

वैशाख तापायला लागला की मला एका देशाचा हेवा वाटू लागतो.

देश म्हणजे स्वीडन. मी तो पाहिलेला नाही. रहिमतपूरच्या शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे डोळे मिटून नकाशावर बोट ठेवता येतं, इतकीच आमची ओळख. नॉर्वेला खेटून, लांबुळका, खाली निमुळता. जंगलं खूप, तळी खूप, माणसं कमी, असं मी पोरांना सांगते आणि पुढच्या देशावर जाते. जे सांगत नाही ते असं, की तिथं माझी धाकटी बहीण शकू राहते. आणि महामारीच्या त्या उन्हाळ्यात सगळं जग कड्या लावून घरात बसलं होतं तेव्हा त्या देशानं आपल्या माणसांना सांगितलं, जरा अंतर ठेवा, हात धुवा, बाकी तुम्ही शहाणे आहात. हॉटेलं उघडी, दुकानं उघडी, लहान पोरांच्या शाळा उघड्या. शकू मला तळ्याकाठी आइस्क्रीम खातानाचे फोटो पाठवायची. मी ते फोटो बघून ‘छान’ असं लिहायची आणि फोन पालथा ठेवायची.

शिक्षिकेनं असा हेवा करू नये हे मला कळतं. ह्यांना मी एकदा अर्धवट बोलून दाखवलं, तर हे म्हणाले, "शेजारणीचा हेवा करत्यात, जावंचा करत्यात. देशाचा कोण करतं गं?" मी करते. आणि दर वर्षी ऊन चढलं, दुपारी रस्त्यावरचं डांबर मऊ झालं, की तो ताजा होतो.

आमचं माहेर आटपाडीच्या पुढं. पावसानं कायम हात आखडता घेतलेला मुलूख. बाभळी, शेळ्या, अलीकडे डाळिंबाच्या बागा, आणि घरटी एक माणूस फौजेत नाहीतर परमुलखात सोनं गाळायच्या धंद्यात. अशा गावांची सगळी चैन चैत्र-वैशाखातल्या यात्रेत. दिवाळीला एखादी लेक आली नाही तर चालतं, यात्रेला तिनं यायचंच. पालखी, ओटी, दुसऱ्या दिवशी मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी. पण मी माहेरी पाऊल टाकलं की आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, ह्यातलं काही नको असायचं. त्यांना लागायच्या हुलग्याच्या शेंगोळ्या. हुलग्याच्या पिठात लसूण-मिरची वाटून घालायची, कणीक तळहातावर वळून बारीक वेटोळी करायची आणि उकळत्या पाण्यात सोडायची. पातळ, तिखट, गरिबाघरचं कालवण. आई गेल्यापासून ते माझ्याच हातचं लागायचं त्यांना. शकूला कधी वळायला जमल्या नाहीत. तिच्या शेंगोळ्या पातेल्यात विरघळून जायच्या. ह्या एका बाबतीत मी तिच्यापुढं होते, आणि खोटं कशाला बोलू, ते पुढं असणं मला फार आवडायचं.

आबा सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आले होते, पण गावात आपली बदली झाली आहे असंच वागायचे. पहाटे दाढी, पायात बूट, चावडीपुढून जाताना उगीच घोटाळणाऱ्या पोरांची झाडाझडती. महामारी आली आणि गावानं समिती केली तेव्हा अध्यक्ष कोण हा प्रश्नच नव्हता. त्यांनी पहिल्याच दिवशी बाभळी तोडायला लावल्या आणि वेशीत रस्ता अडवून काट्यांची रास घातली. तिच्याआड तरण्या पोरांच्या पाळ्या लावल्या. त्याला ते पोस्ट म्हणत. एका पत्र्यावर स्वतःच्या हातानं चुन्यानं लिहिलं: ‘परगावच्या माणसास प्रवेश बंद.’ खाली, मागाहून घातलेल्या बारीक अक्षरात: ‘गावच्या लेकींसही.’

यात्रा रद्द झाली होती. मी रहिमतपुरात घरात बसून पोरांना फोनवरून भूगोल शिकवत होते, म्हणजे शिकवत नव्हते. अर्ध्या पोरांच्या घरी फोन एकच, आणि तो बापाबरोबर रानात. इकडे शकूची लेक रोज दप्तर घेऊन शाळेत जात होती. तेही मला खुपायचं. एका सातवीच्या पोरीनं मला विचारलं होतं, "बाई, जगात एक तरी शाळा चालू आसंल का वो?" मी म्हटलं, आहे. आणि नाव सांगताना माझा आवाज कडवट झाला.

ह्यांचं शेतीऔषधांचं दुकान. त्यामुळे गाडीच्या काचेवर अत्यावश्यक सेवेचा कागद. दिघंचीच्या एका डाळिंबवाल्याला फवारणीची औषधं पोचवायची होती. तिथून माहेर जवळ. म्हटलं, मी येते. पहाटे उठून शेंगोळ्या केल्या, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरल्या, वर फडकं बांधून डबा पिशवीत घातला. म्हसवडच्या पुढं दोन्ही जिल्ह्यांच्या हद्दीवर पोलिसांनी कागद बघितला, गाडीत वाकून बघितलं, मला दोनदा विचारलं, आणि सोडलं. सातारा गेला, सांगली लागली. मी ह्यांना म्हटलं, झालं, आता कोण अडवतंय.

वेशीत काट्यांच्या पलीकडे आबा स्वतः उभे होते. तोंडाला पांढरा रुमाल, हातात शेळ्यांना शेंगा पाडायची आकडी.

"आबा, मी हाय."

"दिसतीयास. डोळं शाबूत हाईत माजं."

"मग काट्या वडा की बाजूला."

"न्हाई."

"आवं, दोन जिल्ह्यांच्या पोलिसांनी सोडलंय मला."

"त्येंनी सोडलं आसंल. ही माजी पोस्ट हाय."

मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसले. ते हसले नाहीत. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "मुंबैवरनं आलेल्या पोरांस्नी शाळंत ठिवलंय मी. त्यांच्या आया रोज हितं यिऊन रडत्यात. आज माजी लेक आली म्हणून वाट सोडली, तर उद्या त्या बायांस्नी काय तोंड दावू?"

आबांचं बरोबर होतं, आणि तेच मला सहन झालं नाही. आपला बाप चुकीचा वागला तर भांडता येतं. मी डबा पुढं केला.

"काय हाय त्यात?"

"शेंगोळ्या."

त्यांची मान एकदम वर झाली. पण लगेच ते सुभेदार झाले. "भायरनं आलेली वस्तू चावडीत तीन दिस ऱ्हाती. मगच घरात."

"तीन दिवसांत आंबतील त्या, आबा!"

"आंबू देत. नियम समद्यांस्नी सारका."

आकडी काट्यांवरून पुढं आली. मी पिशवीचे बंद तिच्या टोकाला अडकवले. पिशवी हलत हलत पलीकडे गेली. पलीकडचा, पाळीवरचा पोरगा जागचा हलला नाही, त्यालाही ऑर्डर असावी. आबा म्हणाले, "जा आता. ऊन व्हायच्या आत पोच." परतताना हे काहीतरी समजुतीचं बोलत होते. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं चावडीतल्या रांगेत ठेवलेला डबा होता, आणि तिसऱ्या दिवशी तो उघडून कुत्र्यापुढं ओतणारं कोणीतरी.

त्यानंतर मी आबांना पाहिलं नाही.

फोन होता. तेव्हा फोन लावला की आधी कानात रेकॉर्ड केलेला खोकला यायचा, मग सरकारी सूचना, मग माणूस. माझं बोलणं ठरलेलं. जेवलासा का? व्हय. गोळी घेतली का? व्हय. ठेवू का? व्हय. आणि शकूशी मात्र आबा रोज संध्याकाळी व्हिडिओवर अर्धा-अर्धा तास, कारण शकूपाशी वाद घालण्यासारखं काही होतं. तिच्यापाशी एक अख्खा देश होता. माझ्या वाट्याला चौकशी आणि तिच्या वाट्याला चर्चा, अशी वाटणी झाली होती. शकू मला सगळं सांगायची, हुबेहूब आवाज काढून. तिला वाटायचं मला मजा येते आहे.

"त्यो देश हाय का धर्मशाळा?" आबा म्हणायचे. "कुणी बी यावं, कुणी बी जावं?"

"आबा, हितं सांगत्यात, आणि लोक ऐकत्यात."

"आन् न ऐकणाऱ्याचं काय?"

"त्याचं त्याच्यापाशी."

"म्हंजे संत्री कोणच न्हाई?"

"न्हाई आबा. हितं ज्यानं त्यानं आपला आपण संत्री व्हायचं."

ह्यावर म्हणे आबा म्हणाले, "लय अवघड ड्यूटी हाय ही. माणसाला झ्येपायची न्हाई." मी हे ऐकलं आणि मनातल्या मनात स्वीडनची बाजू घेतली. त्या देशाचं कौतुक म्हणून नव्हे. त्या देशात वेशीवर काट्या नव्हत्या, म्हणून. माझ्या मोबाइलवर तेव्हा पोलिसांच्या धाकानं रस्त्यात उठाबशा काढणाऱ्या माणसांच्या चित्रफिती फिरत होत्या, आणि मी त्या बघत विचार करायची, की एखादं सरकार माणसाशी असंही बोलू शकतं, घरातल्या मोठ्या माणसासारखं, समजुतीनं. आणि तसा देश मिळाला कोणाला, तर शकूला. माझ्यापेक्षा गोरी ती, हुशार ती, शिष्यवृत्ती तिला. देशसुद्धा तिलाच.

ज्येष्ठ लागताना आबा गेले. महामारीनं नव्हे. सकाळी दाढी करताना छातीत कळ आली आणि आरशापुढंच खाली बसले. शेजारच्या घरात राहणारा आमचा चुलतभाऊ संपत पोचेपर्यंत आटोपलं होतं. त्याचा फोन आला तेव्हा आमच्या गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू बांधलेले होते. चार घरं सोडून एकाला लागण झाली होती. आत-बाहेर सगळं बंद.

आमच्याकडं लेक आल्याशिवाय उचलत नाहीत. किती का उशीर होईना, थांबतात. लेकीनं येऊन तोंडात पाणी घालायचं. संपतनं विचारलं, "आक्का, वाट बघायची का?" मी बांबूंकडं बघत म्हटलं, "नगो."

मग मी त्याला परत फोन लावला, निदान बघू दे म्हणून. खोकला आला, सूचना झाली, आणि फोन व्यस्त. पुन्हा लावला. पुन्हा खोकला. संपत तेव्हा शकूला दाखवत होता. तिचा फोन आधी लागला, म्हणून. एका फोनवर दोघींना एकदम कसं घ्यायचं हे त्याला येत नव्हतं, आणि मलाही येत नव्हतं. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले आणि पुन्हा पुन्हा तोच अनोळखी खोकला ऐकत राहिले. लागला तेव्हा संपत म्हणाला, "आक्का, नेलं गं." साता समुद्रापलीकडच्या लेकीनं बापाचं तोंड बघितलं, आणि शेजारच्या जिल्ह्यातली बांबूंच्या आत उभी.

पुढं कित्येक महिन्यांनी मी माहेरी गेले तेव्हा संपतच्या बायकोनं डबा परत दिला, घासूनपुसून लख्ख. रिकामा देऊ नये म्हणून त्यात मूठभर गूळ घातला होता. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ती बिचारी काहीतरी गोड बोलली असती. मला एवढंच हवं होतं, की शेवटचं माझ्या हातचं काही आबांच्या पोटात गेलेलं असावं. शकूनं तोंड बघितलं, बघू दे. माझं तेवढं असावं. आणि ते नव्हतं. डबा मी माळ्यावर टाकला.

यंदा शकू यात्रेला आली. खूप वर्षांनी दोघी एकदम माहेरी. घर आता संपतच बघतो. वेशीतून गाडी गेली तेव्हा मी डावीकडं बघितलं. काट्या कधीच्या गेल्या. तिथं आता डिजिटल फलक, त्यावर यात्रेच्या शुभेच्छा आणि वीसेक चेहरे. शकू म्हणाली, "हितंच का गं?" मी मान हलवली.

दुपारी मांडवात जेवणं झाल्यावर गडी-माणसं सुपारी कातरत बसली आणि महामारीचा विषय निघाला. तो निघतोच. संपत छाती पुढं काढून म्हणाला, "काय बी म्हणा, आपलंच बरुबर हुतं. आबांनी काट्या टाकल्या म्हणून गाव वाचलं. न्हाईतर शकूताईचा देश! समदं उघडं टाकून बसला."

शकू चिडेल असं मला वाटलं. पूर्वी ती आकडे घेऊन तुटून पडायची. ती म्हणाली, "तिकडं म्हातारी माणसं लय गेली रं संपत. वृद्धाश्रमातली. नंतर त्यांचंच लोक म्हणाले, म्हाताऱ्यांस्नी आपण सांभाळलं न्हाई. माझ्या खालच्या मजल्यावरची बाई गेली तशीच."

खरं सांगते, मला बरं वाटलं. क्षणभरच. इतकी वर्षं ज्याच्याकडं मान वर करून बघितलं त्या देशाचं काही चुकलं, ह्याचा आनंद. दुसऱ्याच क्षणी ती खालच्या मजल्यावरची अनोळखी म्हातारी डोळ्यांपुढं आली आणि मी उठून आत गेले.

आत मी हुलग्याचं पीठ मळायला घेतलं. यात्रेत शेंगोळ्या कोण खातं, पण हाताला काम हवं होतं. शकू मागून आली, पाटावर बसली, लसूण सोलायला घेतला. चुलीपुढं आम्ही दोघी, मध्ये परात. बाहेर हलगी तापवण्याचा खटाटोप चालला होता.

"आक्का, तुला एक सांगू?" ती म्हणाली. "तुला काट्यांनी अडवलं. बांबूंनी अडवलं. मला कुणीच अडवलं न्हवतं."

"मग?"

"आपली विमानं बंद व्हायच्या आधी आठ दिवस हुते. आबांचा खोकला मी फोनवर ऐकला हुता. मनात आलं, जावं. तिकडं कोण जा म्हणत न्हाई, कोण नको म्हणत न्हाई. मीच म्हटलं, बघू उन्हाळ्याच्या सुट्टीत. तू कुणावर तरी चिडू शकतीस गं. मी कुणावर चिडू?"

मी कणीक वळत राहिले. तिचं दुःख मोठं की माझं, ह्याचं माप काढायला हात शिवशिवत होते, इतकी मी वाईट आहे. म्हटलं, "तू तोंड तरी बघितलंस."

सोललेल्या लसणाच्या पाकळ्या मी मुठीनं उचलल्या आणि रश्श्यासाठी वाटायला घेतल्या, तशी ती एकदम म्हणाली, "एवढा नगो घालू. आबा म्हणाले हुते, लसूण जादा झालाय."

"कवा?"

"त्या दिवशी. तू डबा दिलास त्या दिवशी."

माझा हात थांबला. शकूनं तोंडावर हात ठेवला, लहानपणी चोरी पकडल्यावर ठेवायची तसा.

मग तिनं सांगितलं. आमची गाडी वळल्यावर आबा पिशवी घेऊन चावडीकडं गेले. चावडीत गेलेच नाहीत. चावडीच्या मागं, जिथून वेस दिसत नाही तिथं, भिंतीला टेकून बसले आणि शकूला फोन लावला. तिच्याकडं अजून पुरतं उजाडलंही नव्हतं. ती घाबरून उठली. फोन त्यांनी दगडाला टेकवला, रुमाल खाली ओढला आणि डबा उघडला. "हे बघ," म्हणाले, "थोरलीनं आणल्यात. तिला वाटेवरनं परत लावली मी." आणि खायला लागले.

"आबा, तीन दिवसांचा नियम?" शकू म्हणाली होती.

"मला काय व्हायचं ते हू दे. पर हे कुणाला सांगू नगंस. थोरलीला तर मुळीच न्हाई. ती समद्या गावाला सांगंल, आन् मग माझी पोस्ट कोण मानंल?"

"आणि तू आजवर गप्प बसलीस?" मी ओरडलेच. "इतकी वर्षं?"

"त्यांनी सांगितलं हुतं, म्हणून." ती खाली बघत होती. मग म्हणाली, "आणि दुसरं म्हंजे, तुझ्यापाशी समदं हुतं आक्का. सणाला तू, दवाखान्याला तू, शेंगोळ्या तुझ्या. माझ्यापाशी एवढंच हुतं. सांगितलं असतं तर तेबी तुझंच झालं असतं."

मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण तिचं म्हणणं मला शब्द न् शब्द कळत होतं. तिच्या जागी मी असते तर मीही दाबून ठेवलं असतं, आणि कदाचित मरेपर्यंत. आम्ही दोघी एकाच आईच्या.

पण हेवा गेला असंही नाही. उलट वाढला. केल्या मी, आणि खाताना बघितलं तिनं.

"सगळ्या खाल्ल्या?" मी विचारलं.

"समद्या. रस्सा झाकणात वतून प्याले."

"लसूण खरंच जादा झाला म्हणाले?"

"म्हणाले. आणि बोटं चाटली."

मी परात बाजूला सारली. हात पिठानं बरबटलेले तसेच. "कसे बसले होते?"

शकूला आधी कळलं नाही. मग ती उठली, चुलीमागच्या भिंतीला पाठ लावून बसली. एक पाय पोटाशी, एक मोकळा. रुमाल हनुवटीखाली ओढल्यासारखं केलं. डावा हात डब्यावर, कोणी काढून घेईल असा घट्ट. मान खाली घालून भराभर घास, मध्येच वेशीच्या दिशेला एक चोरटी नजर, आणि पुन्हा घास. शेवटी नसलेलं झाकण दोन्ही हातांनी तोंडाला लावलं. ते आबाच होते.

"पुन्हा दाखव," मी म्हटलं.

तिनं रुमाल पुन्हा हनुवटीखाली ओढला.